तिसरी हाक

दुपारी तीनला, इंग्लंडमधल्या सफोक परगण्याच्या दफ्तरखान्यात, हेस्टर थरगूडचं बोट चर्मपत्राच्या कुरतडलेल्या कडेवर थांबलं.

जहागिरीतलं कूळ मेलं की वारसाला तीन हाका मारत. कुणी हजर झालं नाही, तर घर-जमीन जहागीरदाराकडे जाई. थरगूडांच्या दोन हाका अनुत्तरित राहिल्याची नोंद होती. तिसरीची नोंद उरलीच नव्हती.

"म्हणजे आमचं घर गेलं की राहिलं?"

"उंदरांनी खाल्लं म्हणा," दफ्तरदार एनिडबाई हसल्या. "चहा घेता?"

तेवढ्यात खोलीबाहेरून पुरुषी आवाज आला. "थरगूडचा वारस हजर आहे का?"

एनिडबाईंचं हसू मावळलं. "उत्तर देऊ नका, बाई. आज या इमारतीत आपण दोघीच आहोत."

हेस्टर उठली. "हजर आहे."

"मग चला," आवाज शांतपणे म्हणाला. "घर उघडंच ठेवलंय."