बाबा तुझ्याकडे

बाबांना आलटूनपालटून एकेक महिना सांभाळायचं बहीणभावांचं ठरलं, तेव्हा आठवण करून द्यायचं काम ताईने स्वतः लिहिलेल्या छोट्याशा ॲपवर सोपवलं. दादाची पाळी आली, की पंचवीस तारखेला 'बाबा तुझ्याकडे' या विषयाचा मेल त्याला आपोआप जायचा. पण आतापर्यंत चारही वेळा तो दादाला मिळालाच नाही.

"अगं, मेल आला असता तर मी बाहेरगावचं काम घेतलं असतं का?" दादा म्हणायचा. ताई ओशाळायची. बॅग भरून, बूट घालून सोफ्यावर बसलेल्या बाबांना सांगायची, "माझ्या ॲपचाच घोळ आहे हो, बाबा."

"आधी ते नीट कर," बाबा बूट काढत हसायचे. "पोरगा बिचारा वाट बघत असेल."

तिने एकेक शक्यता तपासली. पत्ता बरोबर होता. मेल पोहोचल्याची नोंद होती. 'चाचणी' असा विषय लिहून पाठवलेला मेल तर दादाला क्षणात मिळाला. शेवटी ती लॅपटॉप बघायला दादाकडेच गेली.

"बघ बाई तूच. स्पॅममध्ये नाही, ट्रॅशमध्ये नाही. मला यातलं ओ की ठो कळत नाही," म्हणत दादाने लॅपटॉप पुढे सरकवला आणि तो चहा टाकायला आत गेला.

तिने मेलचं सेटिंग उघडलं. तिथे दादाने स्वतः केलेला एकच नियम होता.


विषयात 'बाबा' असेल, तर कायमचं डिलीट.