गोड्या पाण्यातली होडी

जयरामशेठनी काउंटरवर दोन डबे ठेवले. एक नेहमीच्या ऑइलपेंटचा, निळा. दुसरा लाल, मुंबईहून आलेला. झाकणाच्या कडेला गंजाची रेघ.

"हा तुमचा, नाना. होडीच्या बुडाला लावायचा. नाशकात याला कुत्रं विचारत नाही. खाऱ्या पाण्यात बुडाला शिंपले धरतात, ते धरू नयेत म्हणून यात तांबं घालतात."

वेणीमाधवांना राहवलं नाही. एरवी दुकानात ते नानांच्या मागे उभे राहत. घासाघीस करणं त्यांना कधी जमलं नाही. पण होडी बांधायचं ते जाडजूड पुस्तक तीन वर्षांत त्यांनी कितीदा तरी वाचलं होतं. एक शाळेचा ग्रंथपाल, दुसरा त्याच शाळेतला सुतारकामाचा मास्तर. वाचन यांचं, रंधा नानांचा, अशी ती शिडाची होडी नानांच्या परसात उभी राहिली होती. पाडव्याला गंगापूर धरणात सोडायची, दोघांनी बसायचं, एवढंच ठरलं होतं.

"शेठ, हा आम्हाला नको," ते म्हणाले. "धरणाचं पाणी गोडं. तिथे कुठले शिंपले? साधा ऑइलपेंट पुरे. उगाच नानाच्या गळ्यात मारू नका."

"मी कशाला मारू? त्यांनीच मागवलाय. गेल्या महिन्यात."

वेणीमाधवांनी हसून नानांकडे पाहिलं. नाना डब्यावरची बारीक अक्षरं वाचत होते. चष्मा त्यांच्या खिशात होता.

"नाना?"

"अलिबागचे एक गृहस्थ आहेत. त्यांना होडी फार आवडली. त्यांना विकायचा शब्द देऊन बसलो रे, वेण्या. तुला सांगणारच होतो."

"कधी दिलास?"

"संक्रांतीच्या सुमारास."

संक्रांतीनंतरच वेणीमाधवांनी शीड शिवायला घेतलं होतं. रोज संध्याकाळी नाना येऊन बसायचे, चहा प्यायचे, टाके निरखून म्हणायचे, "झकास! शिंपी व्हायला हवा होतास तू." अंगठ्यावर सुईचे व्रण अजून होते.

होडी दोघांची, असं आपण कधी मोठ्यानं बोललो होतो का? त्यांनी आठवून पाहिलं. नसूही बोललो.

"गप्प नको राहूस," नाना म्हणाले. "शिव्या दे हवं तर."

वेणीमाधवांनी निळा डबा शेठकडे सरकवला आणि लाल डबा नानांकडे.

"याचे दोन हात लागतात," ते म्हणाले. "दुसरा हात दिल्यावर होडी कोरडी ठेवायची नाही, लगेच पाण्यात सोडायची. नाहीतर रंगाचा गुण जातो. पुस्तकात आहे." मग त्यांनी विचारलं, "अलिबागला ट्रक किती तासांत जातो?"

नानांचा चेहरा सैल पडला. त्यांनी मित्राच्या खांद्यावर हात ठेवला.

"आठ-नऊ. मग शीड उद्याच आणून देशील?"