कुंपणातलं भगदाड

ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं आणि राजघराण्यातल्या एका समाधीवरच्या जुन्या दगडी छत्रीचा माळी गेला, झाडूवाला गेला, पहारेकरी सूर्याजीही घरी बसले. पण घरी बसवेल तर ना! एक दिवस तांबडं फुटताच फेटा बांधून ते छत्रीच्या सुकत चाललेल्या बागेत जाऊन उभे राहिले. तेवढ्यात कुंपणाच्या भगदाडाशी बांगड्या किणकिणल्या. शेजारच्या दाणा ओळ वस्तीतल्या त्याच बायका, मोगऱ्याशी वाकलेल्या! पूजेच्या फुलांपायी या बायकांनीच सूर्याजींना जन्मभर मागे धावायला लावलं होतं.

"कोण आहे तिकडे? खबरदार!" सवयीने सूर्याजी गरजले, आणि सवयीनेच साऱ्या जणी पळत सुटल्या. मागे राहिले खराटे, रिकाम्या कळशा आणि मोगऱ्याच्या मुळाशी भिजलेली माती.

दुसऱ्या दिवशी सूर्याजींनी मोठं फाटक सताड उघडलं आणि बाजूला अदबीने उभे राहिले. बायका आल्या, त्या भगदाडातूनच.

"अहो शांताताई, फाटक तुमच्यासाठीच उघडलंय!"

"राहू द्या हो. फाटकातून आलं की दरबारचा बगीचा वाटतो," छत्रीच्या पायऱ्या झाडता झाडता शांताताई म्हणाल्या. "इथून आलं की आपला वाटतो."

सूर्याजींनी मिशीवरून हात फिरवला. मग बाहेर जाऊन विहिरीवरून कळशी भरून आणली, फेटा काखेत मारला आणि गुडघे टेकून भगदाडातून आत डोकं घातलं.

आतून शांताताई गरजल्या, "कोण आहे तिकडे? खबरदार!"