राबाचा धूर

कोरा चहा फडक्यातून दोनदा गाळला की तळाला काही उरत नाही.

ज्या पोराची जन्मतारीख घरच्यांना सांगता येत नसे, त्याच्या नावापुढे खालापूरच्या शाळेतले जुने मास्तर एक जून लिहून मोकळे होत.

बोटीवरचे खलाशी विलायती बाटलीचं सील गोदीतच फोडतात. उघडलेल्या बाटलीला कस्टमवाले फारसं विचारत नाहीत.

कुठल्या घरचं पोर कुठल्या सणाला झालं, ते सोनुबाई सुईणीला तोंडपाठ होतं. पण कोणी विचारल्याशिवाय ती सांगत नसे.

एक जूनच्या संध्याकाळी मधू टिपणीस हेमचंद्र वकिलाच्या ओसरीवर पोचला, तेव्हा सहदेव येऊन गेला होता. कचेरीच्या कामासाठी मधूला कळंबला जावं लागलं आणि परतीची एसटी चुकली. एरवी हे तिघे एक जूनवाले दर वर्षी या दिवशी एकत्र शिरा खात. एकाच बाकावरचे, एकाच खोट्या तारखेचे.

"थांबला नाही?" मधूनं विचारलं.

"उद्या बोट सुटतेय त्याची. तुझी वाट बघून बघून गेला." हेमचंद्र उठला आणि काचेच्या कपाटातून त्यानं बाटली काढली. "हे बघ काय ठेवून गेलाय."

स्कॉच. दिव्याच्या उजेडात आतला रंग काकवीसारखा दिसत होता.

"कशाबद्दल?"

"वाढदिवसाची भेट."

मधू हसला. हसणं जरा उशिरा आलं. सोनुबाईच्या या सहदेवला पाढे कोणी शिकवले? मधूनं. डब्यातली अर्धी भाकरी कोणी दिली? मधूनं. आणि सातासमुद्रापलीकडून बाटली आली ती हेम्याला! वाढदिवस तर आपलाही आजच.

"वास घे," हेमचंद्रनं झाकण काढून बाटली त्याच्या नाकाशी धरली.

मधूनं डोळे मिटले. आधी धूर आला. पेरणीआधी खाचरात राब जाळतात, तसा. मग गूळ, मग जुन्या सागवानी पेटीतली ऊब. त्याचे डोळे मिटलेलेच राहिले.

"एक घोट?" त्यानं विचारलं. आपण विचारलं याचाच त्याला राग आला.

"छे! मीसुद्धा थेंब घेणार नाही. दसऱ्याला घेऊ. सहदेव रजेवर येतोय. तुझ्या घरी सोनं द्यायला येऊ, तेव्हा."

"माझ्या घरी कशाला? दारूचं परमिट तुझ्याकडे आहे."

"येऊ रे," हेमचंद्र म्हणाला आणि कपाट लावलं.

त्या रात्री मधूनं भरलं ताट तसंच बाजूला सारलं. स्वतःच्या घरी मिरवून पोट भरत नाही म्हणून आता माझ्या ओसरीवर येऊन मिरवणार! द्वारका म्हणाली, "अहो, एका बाटलीचं काय एवढं? तुम्ही पिता तरी का?"

"तुला नाही कळायचं."

"मग तोंड का असं? पित्त झाल्यासारखं?"

श्रावणात हेमचंद्र बायकोला घेऊन तिच्या माहेरी गेला. जाताना घराची किल्ली मधूच्या हातात दिली. "देवाजवळ दिवा लावत जा रे. दुसऱ्या कोणावर भरवसा नाही."

मधूनं रोज दिवा लावला. चौथ्या संध्याकाळी दिवा लावल्यावर तो काचेच्या कपाटाकडे गेला. बाटली मागच्या दारी नेली, केळीच्या बुंध्याशी उपडी केली. ओल्या मातीतून तोच धूर वर आला. बोट बुडवून चाटावं असं एकदा वाटलं. चाटलं नाही. जे आपलं नाही ते त्याचंही नको. घरून तांब्यातून आणलेला कोरा चहा त्यानं भरला, उजेडात धरून रंग पाहिला, झाकण लावलं.

त्यानंतर त्याला झोप छान लागू लागली.

दसऱ्याला द्वारकानं बासुंदी आटवली. ठेवणीतलं लुगडं नेसली. "आज काय विशेष?" मधूनं विचारलं. ती म्हणाली, "सण नाही का?"

संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन दोघे आले. सहदेव काळा पडला होता, अंगानं भरला होता. त्यानं मधूला कडकडून मिठी मारली. "सोनं घे रं मदू! वाळलास की रं. वयनी, याला खायाला घालता का नाय?"

हेमचंद्रनं टॉवेलात गुंडाळलेली बाटली काढून सहदेवसमोर ठेवली. "सांभाळली बाबा तुझी ठेव. एक थेंब कमी नाही."

सहदेवनं पेल्यात ओतली. पेला मधूपुढे केला. "पयला घोट तुजा."

मधूनं पेला घेतला. श्रावणापासून तो या घटकेची वाट पाहत होता. त्यानं घोट घेतला, तोंडात घोळवला आणि दाराबाहेर थुंकला.

"चहा!" तो ओरडला. "अरे सहदेव, चहा आहे हा! वकिलानं बाटली रिचवली आणि तुला चहा पाजतोय! थेंब कमी नाही म्हणे!"

सहदेवनं पेला हुंगला. हेमचंद्रकडे पाहिलं. "हेमा? ही भेट तरी सोडायची रं."

हेमचंद्रचा चेहरा पांढरा पडला. मधूच्या भिंतीवर एक रिकामा खिळा होता. श्रावणात परतल्यावर आपली किल्ली त्यानं त्यावरूनच काढून घेतली होती. तो त्या खिळ्याकडे पाहत राहिला.

आतून द्वारका आली. हातात औक्षणाचं तबक, त्यात निरांजन पेटलेलं. ती उंबऱ्यातच थबकली.

"दसऱ्याला औक्षण कोणाचं?" मधूनं विचारलं.

एक जूनला बाटली हेमचंद्रच्या हाती देताना सहदेव म्हणाला होता, "मदू दसऱ्याचा हाय, माज्या आयच्या हातावर झालेला; त्याच्याकडं परमिट नाय, तवर तुज्याकडं ऱ्हाऊ दे, पन्नाशी भरंल त्या दिशी त्याची त्याला देऊ."