एकट्यानं बांधलेलं विमान

तिनं हाताचा पंजा जमिनीकडे केला, पण त्यानं पाहिलंच नाही. तो विमानात बसून गर्दीकडे रुमाल हलवत होता.

उड्डाणाआधीची ही त्या नवरा-बायकोची ठरलेली रीत. तो बसल्या जागेवरून विमान सावरायचा दांडा डावीकडे घ्यायचा. ती डाव्या पंखाच्या टोकाशी उभी राहून तिथली झडप बघायची आणि ओरडायची, "वर!" मग दांडा उजवीकडे. "खाली!" झडपा बरोबर हलल्या तरच विमान हवेत सावरता येतं. नऊ वर्षांत ही रीत त्यांनी एकदाही चुकवली नव्हती. पण आज ती ओरडत नव्हती. अकरा दिवस तिनं नवऱ्याशी अबोला धरला होता, म्हणून नुसत्या हाताच्या खुणा चालल्या होत्या.

का धरणार नाही अबोला? पेपरात त्याची पानभर मुलाखत आली होती. 'हे विमान मी एकट्यानं बांधलं.' एकट्यानं! मग पंखांचं दीडशे वार कापड काय भुतांनी येऊन शिवलं? खळ लावून ते ताणलं कोणी? सुईनं बोटांची चाळण झाली ती हिच्या. स्वयंपाकघरात इंजिन येऊन बसलं तेव्हा व्हरांड्यात चूल मांडून रांधलं ते हिनं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! पेपरवाले त्याला गरुड म्हणायचे. या गरुडाला घरात स्वतःचे मोजे सापडत नसत. तिनं जाब विचारला तर म्हणतो कसा, "अगं, लोकांच्या लक्षात एकच नाव राहतं." त्या दिवसापासून ती त्याच्याशी अवाक्षर बोलली नव्हती.

आणि आता दांडा डावीकडे होता, आणि डावी झडप वर जायच्या ऐवजी खाली गेली होती. दांड्यापासून झडपांपर्यंत जाणाऱ्या तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. वाऱ्याचा पहिला धक्का बसला की हा सावरायला जाणार आणि विमानासकट पालथा होणार. जिवंत हाती लागायचा नाही.

तिनं पुन्हा पंजा खाली केला. जोरात केला. गरुडाचं सगळं लक्ष टोप्या उडवणाऱ्या लोकांकडे. मिस्त्री इंजिन सुरू करायला पुढच्या पंख्याचं पातं धरून उभा राहिला.

'जा मग एकटाच,' तिच्या मनात आलं. क्षणभरच आलं, पण आलं. त्यासरशी तिला स्वतःचीच अशी काही चीड आली की ती धावत सुटली आणि त्याचा कोट धरून तिनं खसकन ओढला.

"उतरा खाली! मरायचंय का? तारा उलट्या आहेत!"

तो उतरला. आधी पांढराफटक पडला, मग लाल झाला. एवढ्या लोकांसमोर बायकोनं कोट धरून उतरवलं होतं. तोवर वार्ताहर पळत आले.

"तारा जोडल्या कोणी?" एकानं विचारलं.

नऊ वर्षं असल्या प्रश्नाला त्याचं एकच उत्तर असायचं. मी. आज त्यानं पापणीही न लववता बायकोकडे बोट दाखवलं.

"हिनं. तारांचं सगळं हीच बघते. पंखसुद्धा हिनंच केलेत."

पेन्सिली सरसर चालल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "बाईमाणसाच्या हाती यंत्र दिल्यावर दुसरं काय होणार?" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण परवा तारा तिनंच जोडल्या होत्या. दोनदा तपासल्या होत्या. तरी आपले हात चुकले? आता राग काढायचा तरी कोणावर!

फोटोग्राफर आपली तिपाई लावत होता. त्याला या भांडणात काडीचा रस नव्हता.

"साहेब, काल बाई घरी गेल्यावर तुम्हीच नाही का त्या तारा सोडून परत बांधल्यात?" तो सहज म्हणाला. "फोटोसाठी हो. मी म्हटलं होतं, नुसती पक्कड हातात धरून उभे राहा. तुम्ही म्हणालात, छे, खरं वाटलं पाहिजे."

पेन्सिली थांबल्या. गरुड आपल्या बुटांकडे बघायला लागला.

ती वार्ताहरांकडे वळली. "थांबलात का? लिहा ना," ती म्हणाली. "एवढं काम मात्र यांनी एकट्यानं केलंय."