डावा नंबर, उजवा नंबर

वेबवाल्याने लॅपटॉप काउंटरवर ठेवला तो थेट चामड्याच्या तुकड्यावर. थोरलीने तुकडा खालून ओढून घेतला आणि म्हणाली, दाखवा.

दुकान बुटांचं. थोरली बहीण आत बसून लाकडी साच्यांवर बूट चढवायची, धाकटा भाऊ पुढे गिऱ्हाईक सांभाळायचा. आज वेबसाइटचं ठरवायचं होतं. ती कुठल्या सिस्टीमवर उभी करायची, म्हणजे उद्या फोटो बदलायचा, नवा माल चढवायचा, आलेली ऑर्डर बघायची, तर हे सगळं कशातून करायचं, एवढाच प्रश्न. धाकट्याचं मनातून कधीच ठरलं होतं. वेबवाल्यालाही त्याने आधीच गाठलं असणार, कारण दोघांच्या माना एका तालात डोलत होत्या.

पहिली सिस्टीम तयार होती. देखणी. पांढऱ्याशुभ्र पानावर बूट असे उभे, जणू त्यांना कधी चिखल लागणारच नाही. संध्याकाळपर्यंत दुकान चालू होईल, काही बिघडलं तर कंपनी बघून घेईल, असं वेबवाला म्हणाला. थोरलीला ती आवडली. खोटं कशाला सांगा, बघताक्षणी आवडली. दुसरी सिस्टीम खुली होती. हवी तशी वळवून घ्या, पण निगा तुमची तुम्ही राखा. दिसायला मात्र ती एखाद्या कचेरीतल्या सूचनाफलकासारखी. धाकट्याने ती पुरती उघडूसुद्धा दिली नाही.

थोरलीने विचारलं, गिऱ्हाईक ऑर्डर कशी देणार?

वेबवाल्याने पहिल्या सिस्टीममधला एक बूट दाबला. सिस्टीमने रंग विचारला. मग नंबर विचारला. त्यासाठी रकाना एक.

"आणि दुसऱ्या पायाचा नंबर?" थोरली म्हणाली.

वेबवाला हसला. त्याला वाटलं, बाई गंमत करताहेत. मग त्याची नजर तिच्या मागच्या भिंतीवर गेली. तिथे साचे टांगलेले होते, दोन-दोन एकत्र बांधून, आणि एकाही जोडीतले दोन सारखे नव्हते. एक लांब तर दुसरा आखूड, एक सरळ तर दुसरा आत वळलेला. या दुकानाची पायरी चढायचे तेच, ज्यांचा एक पाय दुसऱ्याच्या मापात बसत नाही. वेबवाल्याचं हसू जिरलं.

त्याने समजावलं, की या सिस्टीममध्ये रकाना वाढवता येत नाही. पण त्यातून वाट आहे. गिऱ्हाइकाने मोठ्या पायाचा नंबर टाकायचा, आणि बाकी काय असेल ते खाली 'सूचना'मध्ये लिहायचं.

"आणि लहान पायाच्या बुटात कापूस कोंबायचा," थोरली म्हणाली.

मग धाकटा बोलायला लागला. त्याचं म्हणणं अगदीच वेड्यासारखं नव्हतं. लोक हल्ली दुकान शोधत रस्त्यावर फिरत नाहीत, फोनवर शोधतात. सरळ पायांची माणसंही येऊ देत की. तयार जोड्या ठेवू. ही साच्यांची भिंत मोकळी करू, तिथे काचेचं कपाट लावू. वाकड्या पायांचे लोक काय पळून जाणार आहेत? लिहितील सूचना. एका रकान्यापायी एवढी चांगली सिस्टीम लाथाडायची म्हणजे कमाल झाली.

भिंत मोकळी करू. हे तो आज पहिल्यांदा मोठ्याने बोलला होता. म्हणजे घोडं इथे अडलं होतं.

"पाय म्हणजे सूचना आहे का रे?" थोरली म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण वेबवाल्याने खुर्ची थोडी मागे घेतली. "तुझा पाय वर रकान्यात, आणि त्यांचा पाय खाली बारीक अक्षरात. जगातलं प्रत्येक दुकान त्यांना हेच सांगतं, मोठा घ्या आणि भागवा. आपणही तेच सांगायचं, तर शटर आजच ओढ."

"ताई, ती दुसरी किती कुरूप दिसते बघ तरी."

"दिसू दे. इथे कुणी आरसा घ्यायला येत नाही."

वेबवाल्याने घसा खाकरून सांगितलं, की दुसरीत दोन रकाने करता येतील, मात्र ती मधूनमधून बिघडते. तेव्हा कुणाला तरी दुरुस्तीला बसावं लागेल. थोरलीने त्याला विचारलं, बुटाचा तळ निघतो तेव्हा कोण बसतं? बसेन मी. शिकवा.

"मग तूच सांभाळ," धाकटा फणकारला. "मी हात लावणार नाही."

"नको लावूस. भिंतीलाही नको."

धाकटा दाराशी जाऊन पाठ करून उभा राहिला. वेबवाला कामाला लागला. अखेर त्याने पडदा तिच्याकडे वळवला. बूट, त्याखाली डाव्या पायाचा नंबर, उजव्या पायाचा नंबर. दोन रकाने, शेजारी शेजारी. चालतंय का बघायला एक खोटी ऑर्डर टाका, तो म्हणाला.

थोरलीने चष्मा वर सरकवला. डाव्या रकान्यात एका बोटाने नंबर टाकला आणि बटण दाबलं. पान हललं नाही. उजव्या रकान्याखाली लाल ओळ उमटली, हा रकाना भरणे आवश्यक आहे.

"उजवा राहिला, मॅडम."

"राहिला नाही. या गिऱ्हाइकाला उजवा नाहीच आहे."

दाराशी धाकटा हळूच वळला.

"ही सक्ती काढा," थोरली म्हणाली.

त्याने काढली. लाल ओळ गेली. थोरलीने पुन्हा बटण दाबलं, आणि डावा पाय एकटाच पुढच्या पानावर गेला.