मधली तार

जुन्या वस्तूंची लबाडी पकडण्यात लोर्ना हॅस्केटचा हात धरणारं अख्ख्या ओहायोत कुणी नव्हतं. तंबाखूने पिवळ्या पडलेल्या मिशांचा म्हातारा ऑरविल टीग भर दुपारी काचेची पेटी घेऊन दुकानात शिरला, तेव्हा ती दुरूनच म्हणाली, "केसांचं पुष्पचक्र. दीडशे वर्षांचं."

टीग घराण्यात जे जे गेले, त्यांच्या केसांची फुलं आत तारेवर गुंफली होती.

"नुकत्याच गेलेल्याचं फूल मध्ये लावायचे," लोर्नाने सांगितलं, "आणि पुढचं माणूस गेलं की ते कडेला सरकवायचे. पण अहो, कडेच्या या निळसर फुलाला तर आजकालचा पार्लरचा रंग आहे! कुणीतरी गंडवलंय तुम्हाला."

"खिळे बघा, बाई."

तिने भिंग लावलं. सगळे खिळे जुने, गंजून लाकडात रुतलेले. कित्येक वर्षांत पेटी कुणी उघडलेली नव्हती.

"तो रंग माझ्या बायकोचा, मिल्ड्रेडचा," ऑरविल म्हणाला. "मार्चमध्ये ती गेली आणि हे फूल मध्ये दिसायला लागलं. आज सकाळी बघतो, तर कडेला सरकलेलं."

"मग घरात आणखी कोण गेलं?"

"घरात मी एकटाच उरलोय. तेच तर विचारायला आलो."

"काहीतरी साधंच कारण असणार," लोर्ना ठासून म्हणाली आणि तिने भिंग मधल्या, रिकाम्या दिसणाऱ्या तारेवर धरलं.

तार रिकामी नव्हती. तिच्यावर आखूड, पिवळ्या पडलेल्या केसांचं फूल होतं.

"ऑरविल?" मान वर न करताच तिने हाक मारली.